हासळीचे हाड आणि न विचारलेला प्रश्न

सातारा जिल्हा संपून सांगली जिल्हा सुरू होतो, त्या हद्दीवर माझा दवाखाना आहे. दोन्हीकडची माणसे येतात. काही वर्षांपूर्वी आषाढातल्या एका सकाळी सहासष्ट वर्षांच्या एक आजी सुनेचा आधार घेत आल्या. धार काढायला गोठ्यात जाताना शेवाळलेल्या फरशीवर पाय घसरला आणि त्या उजव्या खांद्यावर पडल्या होत्या. डाव्या हाताने उजवे कोपर उचलून धरलेले, मान दुखऱ्या बाजूला कललेली. रुग्ण अशा अवस्थेत दारातून आत आला, की तपासण्याआधीच बरेचसे निदान झालेले असते. आजींचे हासळीचे हाड मोडले होते.

एक्स-रेत हाड मधोमध तुटलेले दिसले. दोन्ही टोके एकमेकांपासून सुटली होती आणि मध्ये एक लहान कपचा होता. वैद्यकीय महाविद्यालयात आम्हाला गमतीने सांगत असत, की या हाडाचे दोन तुकडे एका खोलीत असले तरी ते जुळते. त्याच विश्वासाने मी आजींना म्हणालो, "काळजी करू नका. हे हाड आपोआप जुळते. हात झोळीत ठेवा आणि दीड महिना भाकरी थापू नका."

मार्गशीर्षात आजी पुन्हा आल्या. "डॉक्टरसायेब, हात वर केला की आत टकटक वाजतंय. रातच्याला कुशीवर झोपाय येत न्हाई." पाच महिने उलटूनही एक्स-रेत दोन टोकांमधली फट तशीच होती.

ते हाड का जुळले नाही, याचा विचार करताना माझ्याकडून काय राहून गेले हे मला उमगले. आजचा लेख त्याविषयी आहे.

हे हाड मोडते कसे, जुळते कसे

गळ्याखाली दोन्ही बाजूंना हाताला लागणारे, किंचित नागमोडी हाड म्हणजे हासळी. डॉक्टर त्याला क्लॅव्हिकल म्हणतात, बोलीत कॉलर बोनही म्हणतात. त्याचे एक टोक छातीच्या मधल्या हाडाला आणि दुसरे पाठीकडच्या खवाट्याला जोडलेले असते. हाताला धडाशी जोडणारा हा एकमेव हाडाचा दुवा आहे. माणूस खांद्यावर आदळला, की तो भार याच हाडावर येतो. तरुणांमध्ये कारण बहुधा दुचाकीचा अपघात किंवा खेळ असते. वयस्करांमध्ये घरातले, अंगणातले किंवा न्हाणीघरातले साधे पडणे.

शंभरांपैकी सुमारे ऐंशी जणांमध्ये हाड मधल्या भागात मोडते. उरलेल्यांपैकी बहुतेकांचे खांद्याकडच्या टोकाशी आणि फार थोड्यांचे छातीकडच्या टोकाशी. मोडल्यावर मानेचा स्नायू आतला तुकडा वर ओढतो आणि हाताचे वजन बाहेरचा तुकडा खाली खेचते. म्हणून तुकडे एकमेकांवर चढतात आणि खांदा आखूड दिसतो.

कोणतेही हाड जुळायला दोन गोष्टी लागतात: पुरेसा रक्तपुरवठा आणि पुरेसे स्थैर्य. रक्तातून नवे हाड घडवणाऱ्या पेशी आणि सामग्री येते. तुकडे फार हलले नाहीत, तर आधी मऊ आणि मग कठीण असा सांधा धरतो. लहान मुलांत तीन-चार आठवड्यांत, प्रौढांत साधारण सहा ते बारा आठवड्यांत हाड धरते. सहा महिने होऊनही जोड दिसत नसेल, तर त्याला आम्ही 'हाड न जुळणे' म्हणतो.

जुना विश्वास कुठे चुकला

हे हाड हमखास जुळते, हा विश्वास हवेतून आलेला नव्हता. अमेरिकेतील शल्यविशारद चार्ल्स नीर यांनी १९६० साली मधल्या भागात मोडलेल्या २,२३५ रुग्णांचा अनुभव मांडला. शस्त्रक्रिया न करता त्यांपैकी केवळ ३ जणांचे हाड जुळले नव्हते. हजारात एक-दोन म्हणजे नगण्यच. पिढ्यान्‌पिढ्यांच्या डॉक्टरांनी हा आकडा मनाशी धरला. पण अशा जुन्या पाहण्यांमध्ये मुलेही मोजलेली असत, आणि मुलांची हाडे लवकर जुळतात.

२००४ साली स्कॉटलंडमधील एडिंबरा येथील डॉक्टरांनी शस्त्रक्रिया न केलेल्या ८६८ रुग्णांचा चोवीस आठवडे पाठपुरावा केला. तेव्हा ६.२ टक्के रुग्णांचे हाड जुळले नव्हते. मधल्या भागात हे प्रमाण ४.५ टक्के, तर खांद्याकडच्या टोकाशी ११.५ टक्के होते. म्हणजे बहुतेकांचे हाड जुळते हे खरेच आहे. पण 'सगळ्यांचेच जुळते' हे खरे नाही. आपला रुग्ण कोणत्या गटात बसतो, हे पहिल्याच दिवशी पाहिले पाहिजे.

जे आपल्या हाती नाही

धोका वाढवणाऱ्या काही गोष्टी आपण बदलू शकत नाही. त्या ओळखून अधिक लक्ष ठेवणे एवढेच आपल्या हाती असते.

पहिली गोष्ट वय. एडिंबराच्या पाहणीत वाढत्या वयाबरोबर धोका वाढताना दिसला. मधल्या भागात मोडलेल्या स्त्रियांमध्ये तो पुरुषांपेक्षा अधिक होता. पाळी थांबल्यानंतर स्त्रियांची हाडे झपाट्याने विरळ होतात, हे यामागचे एक कारण असू शकते.

दुसरी गोष्ट म्हणजे हाड कसे मोडले. दोन टोके एकमेकांना मुळीच टेकत नसतील, तर मधली दरी नव्या हाडाला पार करावी लागते. हाडाचा चुरा झाला असेल किंवा कपचे निघाले असतील, तर त्या कपच्यांचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. आमच्या आजींच्या एक्स-रेत या दोन्ही खुणा होत्या.

तिसरी गोष्ट जागा. खांद्याकडच्या टोकाशी हाडाला खाली बांधून ठेवणारे बळकट बंध असतात. ते तुटले, तर आतला तुकडा वर उचलला जातो आणि बाहेरचा तुकडा हाताबरोबर हलत राहतो.

पूर्वी एकदा मोडलेले हाड त्याच जागी पुन्हा मोडणे किंवा कातडी फाटून हाड बाहेर येणे, याही जोखमीच्याच गोष्टी. आणि एक खूणगाठ मनाशी बांधावी: पडणे-आदळणे काहीच न होता हाड मोडले असेल, तर आत दुसरा आजार नाही ना, हे तपासून घ्यावेच.

जे आपल्या हाती आहे

या यादीत सर्वांत वर तंबाखू आहे. एडिंबराच्याच डॉक्टरांनी २०१३ साली, मधल्या भागात मोडून टोके सुटलेल्या रुग्णांची मोठी पाहणी प्रसिद्ध केली. हाड न जुळण्याशी सर्वांत घट्ट नाते आढळले ते धूम्रपानाचे. निकोटिनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडमुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते. ज्या रक्तावर हाडाची सारी भिस्त, तेच कमी पोहोचते.

आषाढात मी आजींना विचारले होते, "तंबाखू खाता का?" त्या "न्हाई" म्हणाल्या आणि मी केसपेपरवर तसे लिहिले. मार्गशीर्षात मी पुन्हा तोच प्रश्न विचारला, तेव्हा सूनबाई म्हणाल्या, "आत्याबाई तंबाखू न्हाई खात. पर मशेरी लावत्यात की, दिसातनं चार-पाच बार."

आजी खोटे बोलल्या नव्हत्या. मशेरी म्हणजे तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखूची पूड. पण आपल्याकडच्या कित्येक घरांत ती दात घासण्याची वस्तू समजली जाते. ती हिरड्यांवर बराच वेळ राहते आणि तिथून निकोटिन थेट रक्तात जाते. सिगारेट-बिडीचा विचार करून लिहिलेल्या पाश्चात्त्य पुस्तकांत मशेरी नसते. पण २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते. मोडलेल्या हाडांवरचे संशोधन मुख्यतः धूम्रपानाचे आहे हे खरे. म्हणून आजींचे हाड मशेरीमुळेच जुळले नाही, असे मी ठामपणे म्हणणार नाही. वय, सुटलेली टोके आणि कपचा ही कारणे होतीच. मात्र निकोटिन रक्तवाहिन्या आकसवते, मग ते धुरातून येवो वा हिरडीतून. आणि सर्व कारणांपैकी बदलता येण्याजोगे कारण हेच होते. ते मला ठाऊकच नव्हते, कारण मी योग्य शब्दात विचारले नव्हते.

म्हणून काळजीवाहकांना माझी पहिली विनंती अशी: डॉक्टरांनी विचारो न विचारो, मशेरी, तपकीर, गुटखा, पानातली तंबाखू, बिडी यांपैकी जे काही असेल ते आपणहून सांगा. हाड जुळेपर्यंत तरी ते पूर्ण बंद करण्याचा प्रयत्न करा. इतक्या वर्षांची सवय रागावून सुटत नाही. सकाळच्या मशेरीच्या वेळी दंतमंजन किंवा टूथपेस्ट हाती द्यावी, नंतर तोंडात बडीशेप किंवा लवंग द्यावी. मदतीसाठी १८००-११२-३५६ हा राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेचा निःशुल्क क्रमांक आहे.

दुसरी गोष्ट मधुमेह. साखर सतत चढी राहिली, तर हाड सावकाश धरते आणि शस्त्रक्रिया करावी लागल्यास जंतुसंसर्गाची भीती वाढते. हाड मोडल्यावर हालचाल कमी होते, भेटायला येणारे गोडधोड आणतात आणि साखर बिघडते. या काळात ती नेहमीपेक्षा अधिक वेळा तपासावी.

तिसरी गोष्ट आहार. जेवण कमी झालेल्या वृद्धांमध्ये प्रथिनांची उणीव नेहमी आढळते. चहा-बिस्किटावर हाड बांधले जात नाही. डाळ, उसळ, दूध-दही, चालत असल्यास अंडी आणि मासे रोजच्या ताटात असावेत. शंभर ग्रॅम नाचणीतून साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळते. नाचणीची भाकरी किंवा आंबील पचायलाही हलकी. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र प्रथिने आणि कॅल्शियम किती घ्यायचे, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. 'ड' जीवनसत्त्व रक्ततपासणी करून, सांगितले तेवढेच घ्यावे. दुकानातून पाकिटे आणून महिनोन्‌महिने घेत राहिल्याने रक्तातले कॅल्शियम वाढून अपाय होतो.

चौथी गोष्ट औषधे. दम्यासाठी किंवा संधिवातासाठी दीर्घकाळ स्टेरॉइड चालू असेल, तर तसे सांगावे. मात्र ते स्वतःहून एकदम बंद करू नये, त्याने जिवाला धोका होऊ शकतो. सांधेदुखीवर मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांमध्येही कधी कधी स्टेरॉइड मिसळलेले असते. वेदनाशामक गोळ्याही मनाने घेऊ नयेत. वृद्धांच्या मूत्रपिंडाला आणि जठराला त्या जड जातात.

पाचवी गोष्ट चोळणे. आपल्याकडे हाड मोडले, की हाडवैद्याकडे नेण्याची जुनी रीत आहे. लेप लावण्याने फारसे बिघडत नाही. पण मोडलेली जागा तेल लावून चोळली किंवा खेचून 'बसवली', तर धरू लागलेला कोवळा सांधा पुन्हा सुटतो. हासळीच्या मागूनच हाताच्या मोठ्या रक्तवाहिन्या आणि नसा जातात, हेही विसरू नये.

झोळी, पट्टा आणि घरची शुश्रूषा

पाठीवर आठच्या आकड्यासारखा बांधायचा पट्टा अनेकांनी पाहिला असेल. तो जितका घट्ट तितके हाड लवकर जुळते, असा समज आहे. तो बरोबर नाही. साधी झोळी आणि हा पट्टा यांची तुलना झाली, तेव्हा हाड जुळण्यात फरक आढळला नाही. पट्ट्याचा त्रास मात्र अधिक होता. वृद्धांची कातडी नाजूक असते. पट्टा काचून काखेत जखमा होतात, बोटांना मुंग्या येतात. तुमच्या डॉक्टरांनी पट्टा दिला असेल तर तो वापरावा. पण हात बधिर झाला किंवा सुजला, तर वाट न पाहता त्यांना दाखवावे.

रात्री पाठीमागे उशा रचून अर्धवट बसते झोपवल्यास दुखणे कमी होते. कपडे पुढून बटणांचे असावेत. घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. बोटे, मनगट आणि कोपर पहिल्या दिवसापासून हलवत राहावे. खांदा कधी आणि किती हलवायचा, हे डॉक्टर सांगतील. भीतीपोटी हात महिनोन्‌महिने झोळीतच ठेवला, तर हाड जुळते आणि खांदा आखडतो.

मोडलेल्या टोकावरची कातडी ताणून पांढरी पडली, हात थंड किंवा बधिर झाला, किंवा श्वास लागू लागला, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

सहाव्या आठवड्याची भेट

माझ्याकडून दुसरी चूक झाली ती इथे. "दुखले तर या" असे मी आजींना सांगितले होते. आपल्या आज्या दुखले तरी येत नाहीत. सुगी झाली, दसरा-दिवाळी झाली, मग त्या आल्या.

सहाव्या आठवड्याला तीन गोष्टी पाहायच्या असतात. हात अजून बराच दुखतो आणि रोजच्या कामाला लावता येत नाही का? मोडलेल्या जागी तपासताना हालचाल जाणवते का? एक्स-रेत नवे हाड धरू लागल्याची खूण मुळीच नाही का? तिन्हींचे उत्तर 'नाही' असेल, तर सहसा निर्धास्त राहता येते. दोन किंवा तिन्ही 'होय' असतील, तर अस्थिरोगतज्ज्ञांचे मत तेव्हाच घ्यावे. वर्षभर वाट पाहू नये. ही तारीख घरातल्या दिनदर्शिकेवर, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवा.

मग शस्त्रक्रिया करावी का?

तुकडे सुटलेले दिसले, की नातेवाईक विचारतात, "डॉक्टर, सरळ प्लेटच का टाकू नये?" २००७ साली कॅनडातील डॉक्टरांनी सुटलेल्या तुकड्यांच्या रुग्णांची तुलना प्रसिद्ध केली. प्लेट बसवलेल्या ६२ जणांपैकी २ जणांचे, तर झोळीवर ठेवलेल्या ४९ जणांपैकी ७ जणांचे हाड जुळले नाही. आकडे प्लेटच्या बाजूचे आहेत. पण या पाहणीत साठीपुढच्या रुग्णांना घेतलेलेच नव्हते. विरळ हाडात स्क्रूची पकड कमी असते. भूल, जखम, मधुमेह यांचाही विचार करावा लागतो. त्यामुळे हा निष्कर्ष सत्तरीच्या आजोबांना जसाच्या तसा लावता येत नाही.

सांगलीचे एक निवृत्त शिक्षक, वय ब्याऐंशी, माझ्याकडे रक्तदाबासाठी येतात. त्यांचे हाड खांद्याकडच्या टोकाशी मोडले आणि जुळले नाही. एक्स-रेत फट स्पष्ट दिसते. पण ते दोन्ही हातांनी अंगरखा घालतात, वर्तमानपत्र धरतात, दुखत नाही म्हणतात. खांद्याकडच्या टोकाशी असे वृद्धांमध्ये बऱ्याचदा होते. त्यांना शस्त्रक्रियेची गरज नव्हती. उपचार माणसाच्या वेदनेवर आणि कामावर करायचे असतात, एक्स-रेवर नव्हे.

आजींचे तसे नव्हते. त्यांना झोप नव्हती, उजवा हात कामातून गेला होता आणि धार काढणे सुनेवर पडले होते. मिरजेला त्यांच्या माणसांचा विश्वास. १८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी तिथे रुग्णालय सुरू केल्यापासून कृष्णाकाठची माणसे मोठ्या दुखण्यासाठी मिरजेकडेच पाहत आली आहेत. तिथल्या एका अस्थिरोगतज्ज्ञांनी प्लेट बसवून कमरेच्या हाडाचा थोडा भाग त्या फटीत भरण्याचे सुचवले. मात्र त्याआधी त्यांनी मशेरी बंद करण्याची अट घातली. आजी आधी रुसल्या. मग सूनबाईंनी मशेरीची डबी उचलून चुलीत रिकामी केली आणि सासूबरोबर आपलीही सोडली. सूनही लावत होती, हे मला तेव्हा कळले.

शस्त्रक्रियेनंतर चार महिन्यांनी हाड जुळलेले दिसले. हात पूर्वीइतका वर जात नाही, पण भाकरी थापता येते आणि रात्री झोप लागते. हाडांच्या विरळपणाची तपासणी आणि उपचारही आम्ही सुरू केले, कारण उभ्या उभ्या पडून एक हाड मोडले, तर पुढचे खुब्याचे असू शकते. गोठ्यातली फरशी मुलाने खडबडीत करून घेतली.

माझ्या केसपेपरवर आता 'तंबाखू' या शब्दापुढे 'मशेरी' असे वेगळे छापून घेतले आहे. वयस्कर रुग्ण असल्यास मी तो प्रश्न सुनेच्या किंवा लेकीच्या देखत विचारतो, आणि मग त्यांनाही विचारतो.